सत्तावीस नंबरचे रावजी गेले

महाड,
आश्विन वद्य षष्ठी, शके १९२०, रविवार

रा. रा. मुरारीपंतांस महाडहून सुधीरचा नमस्कार.

('पंत' हे तुझ्या नव्या हुद्द्याला. गांधारीच्या डोहात पोहायला जाऊन कपडे काठावर विसरून आलेल्या इसमाला एरवी मी एवढा मान दिला नसता.) पत्रास तसेच कारण घडले आहे, पण रीतीप्रमाणे आधी तुझी प्रकृती. गुडघे कसे आहेत? वहिनींनी कळवले की हल्ली जिना चढताना ते बोलतात. तीस वर्षे टेलिफोन खात्यात राहून लोकांना बोलते केलेस, त्याचा संसर्ग झाला असेल. दिवाळीत आलास तर सवच्या कुंडावर नेतो. ऊन पाण्यात तासभर पाय सोडून बसलास की गप्प होतील. साखर खाऊ नकोस असे लिहिणार होतो, पण पुण्यात ती तुला कोणी आग्रहाने वाढत असेल असे वाटत नाही, म्हणून लिहीत नाही. इकडील सर्व क्षेम आहे. या 'सर्व'मध्ये आमच्या मंडळाचा टेलिफोन धरलेला नाही.

येत्या शनिवारी आमच्या शिक्षण मंडळाच्या कार्यकारिणीची सभा आहे आणि आमची टेलिफोन ऑपरेटर ललिता हिला ठेवायचे की काढायचे, एवढा एकच विषय तिच्यापुढे आहे. ललिता सवची. नववीत माझ्याकडे संस्कृतला होती आणि तिने शंभरापैकी एकतीस मिळवून माझे अध्यापन सिद्ध केले होते. आज मात्र सारे मंडळ तिच्या कानावर चालते. फोन कोणाचा हे ती 'हॅलो'च्या आधीच्या श्वासावरून ओळखते, आणि कोणता फोन अण्णासाहेबांना चहापूर्वी द्यायचा व कोणता चहानंतर, हे त्यांच्या पत्नीलाही तिच्याइतके कळत नाही. (अण्णासाहेब म्हणजे आमचे कार्याध्यक्ष.) अशी बाई जाणार असे चिन्ह आहे आणि कारण झाले आहे एक क्रियापद. तेही साधे, भूतकाळी, तिसरीतल्या पोराला येणारे. पण मूळ तुझ्यापासून आहे, म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

चार वर्षांपूर्वी तू इथे आला होतास तेव्हा अण्णासाहेबांनी तुला विचारले, की ऑफिसात एका फोनवर सारे तंडतात, तर दोन बाहेरच्या लाईनी आणि आत सोळा एक्स्टेन्शन अशी ती पेटी घ्यावी का. तू माझ्या घरचे सातवे घावन संपवत म्हणालास, की खुशाल घ्या, त्यात बिघडण्यासारखे काही नसतेच. पेटी आली. तिच्याबरोबर एक पुस्तक आले. चांदणी दाबा, मग अमुक आकडा, मग तमुक आकडा, की अमके घडेल; परंतु आधी तमके केले असल्यास घडणार नाही. अण्णासाहेबांनी ते पुस्तक उलटसुलट पाहिले आणि माझ्यापुढे सरकवले. म्हणाले, ही सूत्रेच आहेत, हे तुमचे काम. संस्कृतला त्या वर्षी चारच पोरे उरली होती आणि मला कार्यालय अधीक्षक करून ठेवले होते, तेव्हा नाही म्हणण्याची सोय नव्हती. अशा रीतीने व्याकरण शिकलेला मनुष्य टेलिफोनच्या पेटीचा वैद्य झाला.

वैद्यकीचा पहिला रोगी मुख्याध्यापिकाबाईंचा फोन. त्यांना बाहेरचा नंबर लागू नये पण पोलादपूरच्या शाळेचा लागावा, असे दोन नियम मी पेटीत घातले. आता व्याकरणात दोन नियमांचे भांडण झाले तर नंतरचा जिंकतो, हे तू मानशील. पेटी मानत नाही. तिने दोन्ही नियम बाजूला ठेवले आणि तिसराच केला: बाईंनी रिसीव्हर नुसता उचलला की अण्णासाहेबांच्या घरी घंटा वाजू लागली. बाई बिचाऱ्या दर वेळी 'चुकून लागला' म्हणून ठेवत आणि अण्णासाहेबांच्या पत्नी दर वेळी 'हे दिवसातून सात वेळा चुकून कसे लागते' असे अण्णासाहेबांना विचारीत. ते प्रकरण तीन दिवस चालले आणि ललिताने पुस्तक न उघडता संपवले. (तिने पेटी बंद करून पुन्हा चालू केली. मी विचारले, हे कोणत्या पानावर आहे? ती म्हणाली, मिक्सर बिघडला की आम्ही हेच करतो, सर.)

दुसरे दुखणे जमिनीचे. पनवेलहून पेटीचा मेकॅनिक यायचा, त्याने अंगणात खड्डा खणून कोळसा-मीठ घातले, त्यात तांब्याची पट्टी पुरली आणि बजावले, की हे अर्थिंग, याला रोज बादलीभर पाणी घाला, वीज कडाडली तर यातून जमिनीत जाईल. आमच्या मोरूने, म्हणजे वीस वर्षे नोकरी झालेल्या शिपायाने, हे वाक्य अर्धे ऐकले. रोज पाणी घालायची जागा फुकट कशाला घालवायची म्हणून त्याने तिथे अळू लावले. ते मिठाने जळाले. मग त्याने मीठ काढले. अळू असे माजले म्हणतोस, की आमच्या साऱ्या ऑफिसाने गणपतीत त्याचे फदफदे खाल्ले आणि वाहवा केली. मीही दोनदा मागून घेतले. तेव्हा आपण आपले विजेपासूनचे संरक्षण चापतो आहोत हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

आता मुख्य गोष्ट, ती ध्यानात ठेव. आमच्याकडे एक्स्टेन्शनला नंबर आहेत, पण नंबराने कोणी बोलत नाही. ज्याच्या टेबलावर फोन, त्याच्या नावाने फोन. (अलंकारशास्त्रात याला लक्षणा म्हणतात. महाडात याला सोय म्हणतात.) सत्तावीस नंबर भांडारात आहे, भांडार रावजींकडे आहे, म्हणून सत्तावीस नंबर म्हणजे रावजी. पेटीच्या बिघाडांची एक तक्रारवही आहे, ती मीच सुरू केली, आणि तिच्यात अशी वाक्ये आहेत: 'मुख्याध्यापिकाबाई सकाळपासून घुमतात.' 'अण्णासाहेबांचे बोलणे जाते, पण त्यांना दुसऱ्याचे ऐकू येत नाही.' (ही तक्रार पेटी येण्यापूर्वीचीही आहे.) 'ग्रंथपालांत पाल शिरली, मोरूने झाडूने काढली.' चार वर्षांत यात कोणाला काही वावगे दिसले नाही. घरच्या भाषेचे असेच असते. बाहेरचा माणूस दारात उभा राहीपर्यंत ती फार सुरेख चालते.

गेल्या मंगळवारी दुपारी वीज पडली. भांडार अंगणापलीकडे असल्यामुळे त्याची तार उघड्यावरून जाते. वीज तारेवर आली आणि जमिनीत जायला तिला जागाच सापडली नाही, तिथे अळू होते. रावजी बंद पडले. मी रीतसर अन्वय-व्यतिरेक केला: चांगला फोन रावजींच्या तारेला लावला, तो मुका झाला, रावजींचा फोन माझ्या तारेला लावला, तो बोलू लागला, म्हणजे दोष फोनात नाही. मग तार बदलली, तरी मुका. म्हणजे दोष तारेत नाही. उरली पेटी. पेटीत सत्तावीस नंबराचे एक वेगळे कार्ड आहे, ते उपसून पाहिले तर आतून काळेठिक्कर. बुधवारी मेकॅनिक आला, त्याने मान हलवली, अळू पाहिले, आणखी मान हलवली. कार्ड खोक्यात घालून पनवेलला पाठवा, तिथे उघडून बघतील, म्हणाला. शिवाय नवे कार्ड मिळते का हे गुरुवारी दुपारी फोनवर कळवतो असे सांगून गेला. त्या दोन दिवसांच्या नोंदी वहीत आहेत: 'मंगळवार: रावजींवर वीज पडली. हलवून पाहिले, थोडी धुगधुगी आहे. बुधवार: रावजी गेले.'

प्रत्यक्ष रावजी या सर्व काळात भांडारात खडूच्या पेट्या मोजत होते. रावजींना तू पाहिलेस, पण तुझ्या लक्षात असायचे नाहीत, कारण ते बोलतच नाहीत. पोलादपूरच्या वर डोंगरात त्यांची वाडी आहे. तिथे घर, जमीन, दोन म्हशी आणि पत्नी रखमाबाई. उरलेली भावकी मुंबईला भांडुपात. रावजी आठवडाभर महाडात खोली घेऊन राहतात आणि शनिवारी वाडीत जातात. आपण 'गेलो' हे त्यांना स्वतःला शुक्रवारी कळले, तेही भलत्याच वाटेने.

गुरुवारी दुपारी तीनच्या सुमारास बाहेरून फोन आला. सत्तावीसच्या कार्डाबद्दल पनवेलवाले फोन करणार हे सर्वांना ठाऊक होते, तेव्हा पलीकडून 'रावजी कसे हायत?' असा प्रश्न येताच तो पनवेलचाच मनुष्य आहे असे समजले गेले. वास्तविक तो रावजींचा पुतण्या सुनील होता, भांडुपच्या बूथवरून बोलत होता, आणि दिवाळीला किती माणसे वाडीत येणार एवढेच चुलत्याला कळवणार होता. ऑपरेटरच्या खुर्चीवरून त्याला सांगितले गेले, की रावजी कालच गेले. तिकडे एक हुंदका फुटला. (तो तारेतली खरखर म्हणून समजला गेला.) मग त्याने विचारले, कशाने? सांगितले गेले, की मंगळवारी वीज पडली, आतून पार जळाले होते. हलवून पाहिले, तार बदलून पाहिली, पण उपयोग झाला नाही. अर्थिंग नीट असते तर वाचले असते. त्याने घोगऱ्या आवाजात विचारले, आता कुठे हायत? सांगितले गेले, की खोक्यात घालून ठेवले आहेत, उद्या दुपारी पनवेलला पाठवतो. पनवेलला कशाला, असे तो म्हणाला. तिथे उघडून बघतात, असे उत्तर दिले गेले, आणि जाता जाता विचारले गेले, की त्यांच्या जागी दुसरे तुमच्याकडे मिळतील का, कारण भांडाराचे काम फार अडते. यानंतर त्याला जरा थांबायला सांगून लाईन होल्डवर टाकली गेली.

मुरारी, आमच्या पेटीत होल्डवर वाजणारी धून तू ऐकलेली नाहीस. गारीगारवाल्याच्या घंटीला ताप चढावा तशी आहे. चुलता वारल्याचे ऐकून सुनीलने ती धून चार मिनिटे ऐकली आणि मग बूथमधून बाहेर पडला.

पुढचे तू ताडले असशील. भांडुपात त्यांच्या वाडीचे मंडळ आहे, वर्षातून एक पूजा आणि एक भांडण करणारे. पण मयतीला ते एका श्वासात उभे राहते. शुक्रवारी सकाळी दहाला आमच्या मंडळाच्या दारात दोन ट्रॅक्स गाड्या येऊन थांबल्या आणि त्यांतून पंचवीस माणसे उतरली. थेट वाडीत न जाता ती आधी इथे आली, कारण रावजींना दुपारी खोक्यातून पनवेलला नेऊन उघडणार होते आणि ते आधी थांबवायचे होते. वाडीत फोन नाही, म्हणून रखमाबाईंच्या कानावर यातले काही गेले नाही. फोन नसल्याचा फायदा झालेले ते आपल्या भागातले पहिले घर असावे. बायांनी अंगणातच हंबरडा फोडला. पुरुष डोक्याला हात लावून अळवाच्या कडेने बसले. ऑफिसातले आम्ही सर्व खिडकीशी गेलो, आणि कोणाला काही उमजेना, कारण गेलेला मनुष्य भांडारात होता आणि आवाज ऐकून तोही बाहेर आला.

रावजींनी पाहिले, की आपली सारी भावकी रडते आहे. मनुष्य भिडस्त. रडणाऱ्याला 'कोण गेले' असे विचारणे त्यांना प्रशस्त वाटले नाही. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल डोक्यावर घेतला, पुरुषांच्या रांगेत शेवटी जाऊन बसले आणि डोळे पुसू लागले. शेजारच्याने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. असे पाच-सात मिनिटे चालले. मग त्यांची थोरली बहीण भागूबाई पदराने नाक पुसत सर्वांना पाणी द्यायला उठली, ती रांगेत शेवटपर्यंत आली आणि तांब्या धरून तशीच उभी राहिली.

"मेल्या, तू हायस?"

"हाय की," रावजी म्हणाले.

"मंग गेला कोन?"

"मला काय ठावं? तुमी रडत व्हतात, म्हनून मी पन बसलो."

भागूबाईने तांब्या खाली ठेवला आणि भावाच्या मुस्कटात एक अशी ठेवून दिली, की त्या आवाजाने बाकीच्यांचे रडणे थांबले. मग तिनेच त्याला पोटाशी धरले आणि जी रडली, ते आधीच्या रडण्यासारखे नव्हते. खिडकीत आम्ही हसत होतो, ते तिथपर्यंत. त्यानंतर जो तो आपापल्या टेबलाकडे वळला. पंचवीस माणसांनी रात्रभर उराशी काय धरून आणले होते ते त्या बाईच्या पाठीकडे पाहून कळत होते, आणि ते ज्याच्यामुळे झाले त्याला तोंड दाखवायला जागा नव्हती.

लोक रागावले, हे न्याय्यच. त्यांनी अण्णासाहेबांना विचारले, की जित्या माणसाला मेला म्हणून कोणी सांगितले? सुनील म्हणाला, बाई होती, बारीक आवाजाची. ऑपरेटर म्हणून बाई एकच. आता ललिताचा आवाज तुला माहीत आहे. ती स्टँडावर मैत्रिणीला हाक मारते तेव्हा निघालेली गाडी थांबते. पण अण्णासाहेब म्हणाले, की तार बारीक असली म्हणजे आवाजही बारीक होतो, आणि हे शास्त्रीय कारण सर्वांना पटले. ललिताला बोलावले. ती कोणाकडेही न बघता एवढेच म्हणाली, की त्या खुर्चीवरून जे बोलले जाते त्याची जबाबदारी माझी. नंतर पनवेलच्या मेकॅनिकने फोनवर अण्णासाहेबांच्या कानात आणखी एक वारा भरला: ऑपरेटरची गरजच काय? एक कार्ड बसवले, की पेटी स्वतःच गोड आवाजात 'भांडारासाठी सत्तावीस दाबा' म्हणते, आणि ती कोणालाही मेला म्हणत नाही. शनिवारी या दोन्ही गोष्टी एकत्र मांडल्या जाणार आहेत. ललिताच्या दोन मुली आमच्याच शाळेत आहेत. थोरली यंदा दहावीला. ललिता रोजच्यासारखी पहिल्या गाडीने येते, दोन्ही फोन फडक्याने पुसते आणि 'नमस्कार, मंडळ' म्हणते. मला वाटते, मी हे फार लांबवले. घरी सर्वांस यथायोग्य सांग. वहिनींना कोकम पाठवतो आहे; त्यावर तुझा हक्क नाही.

तुझा
सुधीर

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. तुझ्या हुद्द्याच्या कागदावर, शिक्क्यासह, मला चार ओळी हव्यात: की आश्विनात विजा होतात तेव्हा तारांवर तारा पडून क्रॉस कनेक्शन होऊ शकते, आणि महाडला लावलेला फोन भलत्याच ठिकाणच्या भलत्याच बाईला लागून तिने उत्तर दिलेले असू शकते. ती बाई कोणत्या गावची हे तू लिहू नकोस, मी बघतो. शनिवारच्या आत पोचव. एका गरीब बाईची नोकरी तुझ्या चार ओळींवर आहे, आणि माझे त्यात काहीही नाही.

ता. क. २. वरचे शेवटचे वाक्य लिहून मी चहा प्यायला गेलो आणि कप तसाच ठेवून परत आलो. मुरारी, आपल्या कर्मणि प्रयोगाची एक मोठी सोय आहे: कर्ता सांगावा लागत नाही. वरच्या पत्रात 'सांगितले गेले', 'समजले गेले', 'होल्डवर टाकली गेली' असे जिथे जिथे आहे, तिथे कर्ता अध्याहृत आहे. तो प्रथमा विभक्तीत घालून वाच: मी. गुरुवारी ललिताने थोरलीच्या वर्गशिक्षिकेला भेटायला जायचे म्हणून दुपारची रजा तोंडी मागितली, मी तोंडीच दिली, वहीत लिहायला विसरलो आणि तिच्या खुर्चीवर बसलो. माझ्या आवाजाचे तुला सांगायला नको. कॉलेजच्या गॅदरिंगला तूच मला राणीचे काम दिले होतेस. चोपन्नाव्या वर्षीही फोनवर मला लोक 'ताई' म्हणतात आणि मी दुरुस्त करत नाही, कारण बोलणे लवकर संपते. शुक्रवारी भागूबाई भावाला धरून रडत होती तेव्हा मी तक्रारवहीत डोके घालून उभा होतो. ललिताने अण्णासाहेबांपुढे जे वाक्य म्हटले तो निर्दोष कर्मणि प्रयोग होता. नववीत मी तिला तो तीन आठवडे शिकवला होता आणि तेव्हा आला नव्हता. वडिलांनी माझे नाव सुधीर ठेवले. 'सु' राहू दे, नुसता धीर दिला असता तरी चालले असते. चार ओळी पाठव.

ता. क. ३. (सोमवार) पाठवू नकोस. पाकिटावर तुझ्या नव्या ऑफिसचा पत्ता घालायचा म्हणून मी तो ललिताला विचारला. तिने पाकिटाकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. क्रॉस कनेक्शनचे मागवताय का, म्हणाली. मी पाकीट पालथे घातले. तेव्हा तिने एवढेच सांगितले, की सर, खोटं कशाला मागवायचं, खरं मागवा: पेटीचा तो गोड आवाज 'सत्तावीस दाबा' म्हणणार, पण पोलादपूरच्या वर ज्या वाड्यांत फोन आहेत, तिथले सगळे बोट घालून फिरवायचे, त्यांचे आकडे पेटीला ऐकूच येत नाहीत, आणि दाबायला तिथे बटण कुठे आहे? माझ्या पुस्तकात हे अडतिसाव्या पानावर, बारीक अक्षरात निघाले. चार वर्षे मी सूत्रे वाचतो आहे आणि ती माणसांचे फोन घेते आहे, एवढाच फरक. हे एवढे तुझ्या शिक्क्याने लिहून दे. उरलेल्या भागाचे, म्हणजे कर्त्याचे, तिने काही काढले नाही. न काढता ती दोन्ही फोन पुसत राहिली. त्यापेक्षा भागूबाईची एक बसली असती तर परवडले असते.

ता. क. ४. (शनिवार, सभेनंतर) पत्र खिशातच राहिले, आणि राहिले ते बरे झाले. तुझ्या शिक्क्याविनाच झाली सभा. मी उभा राहिलो आणि कर्तरी प्रयोगात सांगितले: मी सांगितले, मी समजलो, मी होल्डवर टाकले, रजाही मीच नोंदवली नाही. कोणाचाही विश्वास बसला नाही. अण्णासाहेब उठले. विद्यार्थिनीसाठी गुरू आळ अंगावर घेतो आहे, असे त्यांनी सभासदांना समजावले आणि माझ्या अभिनंदनाचा ठराव मांडायला घेतला. शेवटी मी शेजारच्या खोलीत गेलो आणि त्यांच्या टेबलावरचा फोन लावला. त्यांनी तो उचलून, सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला, मी नमस्कार म्हणालो आणि त्यांनी सवयीने विचारले, 'हां ताई, कोण बोलतंय?' त्यानंतर पलीकडे जे हसू उठले ते मला तारेतून आणि भिंतीतून, असे दोनदा ऐकू आले.

निर्णय असे: ललिता राहील. गोड आवाजाचे कार्ड येणार नाही. अडतिसावे पान मी मोठ्याने वाचून दाखवले. अळू उपटायचे, मीठ घालायचे. (मोरूने सुतक धरले आहे.) तक्रारवहीत यापुढे नंबर लिहावेत, नावे नव्हेत. आणि पेटीला मी हात लावायचा नाही, ही गेल्या चार वर्षांतली माझीच विनंती, शिक्षा म्हणून मान्य झाली. भांडुपला भागूबाईंची माफी मागायला दिवाळीनंतर मी स्वतः जाणार आहे, रावजींना बरोबर घेऊन, पुरावा म्हणून. रावजींना मी सभा संपताच भांडारात जाऊन सारे सांगितले. त्यांनी खडूची पेटी खाली ठेवली, बराच विचार केला आणि विचारले, की फोन कवा चालू व्हनार? आठवडाभर मी त्याचा विचारच केला नव्हता. ललिताने पाच मिनिटांत पेटीतले ग्रंथालयाचे रिकामे पडलेले चोवीस नंबरचे घर त्यांच्या तारेला जोडून दिले. वहीत शेवटची नोंद तिच्या हातची आहे, ठराव मोडून: 'रावजी आले.'

तेव्हा आता तुझ्याकडे काहीच मागणे नाही, फक्त दिवाळीला ये. पत्र चिकटवून टाकायला ललिताकडे देतो आहे.

(याखाली वेगळ्या अक्षरात:)

मुरारीसाहेबांना नमस्कार. तिकीट लावताना पत्र उघडं दिसलं म्हणून वाचलं. येणार असाल तर आधी फोन करा. सर मात्र भेटणार नाहीत, ते आत्ताच गेले.
जेवायला.
— ललिता